स्टोनीहर्स्ट आणि आमचे फादर स्टीफन्स

या स्मरणिकेत मराठीतून लिहायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. मला जे सांगायचं आहे ते मराठी माणसाला चटकन पटेल.

आमची स्टोनीहर्स्ट शाळा लँकाशायरमधली म्हणून ओळखली जाते, पण तिची सुरुवात इंग्लंडमध्ये झालेली नाही. फादर रॉबर्ट पर्सन्स या येशूसंघी (जेझुइट) कॅथलिक धर्मगुरूंनी १५९३ मध्ये ती सेंट ओमेरला काढली. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे. तेव्हा तिथे स्पेनच्या राजाचा अंमल होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात मुलांना कॅथलिक शिक्षणासाठी परदेशी धाडणं हा गुन्हा होता. तरीही आईवडील त्यांना लपूनछपून समुद्रापार पाठवत. शिकण्यासाठी कोवळ्या पोरांना देश सोडावा लागे, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते.

परदेशातही शाळेला स्वस्थता नव्हती. १७६२ मध्ये फ्रान्समधून येशूसंघीयांची हकालपट्टी होणार हे दिसताच शाळा आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजला हलली. मुलं फिरायला निघाल्यासारखी बाहेर पडली ती परतलीच नाहीत. १७७३ मध्ये पोपनीच येशूसंघ विसर्जित केला आणि ब्रूजची शाळा बंद पडली. मग शाळा तिथल्याच लिएज शहरात गेली. तिथे फ्रेंच राज्यक्रांतीचं सैन्य येऊन ठेपलं, तेव्हा १७९४ मध्ये शाळा अखेर मायदेशी आली. थॉमस वेल्ड या माजी विद्यार्थ्याने रिबल खोऱ्यातला आपला जुना वाडा शाळेला देऊन टाकला. माजी विद्यार्थ्याने शाळेचे पांग फेडावेत तर असे!

माझे पप्पा प्रेस्टनला डॉक्टर होते. १९९९ मध्ये शाळा मुलींसाठी पूर्णपणे खुली झाली आणि त्यानंतर थोड्याच काळात मी तिथे दाखल झाले. वर्गांची नावं सहावी-सातवी अशी नव्हती. ग्रामर, सिंटॅक्स, पोएट्री, ऱ्हेटोरिक अशी होती. सेंट ओमेरच्या काळातला हा शिक्षणक्रम नावांतून तरी टिकला होता. वहीच्या प्रत्येक पानावर वर ‘ए.एम.डी.जी.’ लिहायचं, म्हणजे सारं देवाच्या अधिक गौरवासाठी. हात अजूनही तिकडे वळतो.

शाळेच्या संग्रहात येशूसंघी संत एडमंड कॅम्पियन यांना बांधलेला दोर आहे. १५८० मध्ये कॅम्पियन आणि पर्सन्स वेषांतर करून इंग्लंडमध्ये आले. कॅम्पियन पकडले गेले आणि १५८१ मध्ये लंडनला टायबर्न इथे त्यांना देहदंड झाला. पर्सन्स निसटले, त्यांनीच पुढे आमची शाळा उभी केली.

तो दोर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आजोबा आठवले. आम्ही वसईचे. उपवासकाळात आजोबा ‘ख्रिस्तपुराणा’तल्या ओव्या म्हणत, त्यामुळे फादर थॉमस स्टीफन्स हे नाव घरातलंच होतं. विल्टशरचा हा इंग्रज तरुण मायदेशी आपल्या श्रद्धेला वाव नाही म्हणून रोमला गेला, येशूसंघी झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला पोचला. तिथेच त्यांनी आयुष्य घालवलं आणि १६१६ मध्ये मराठी ओवीत ते विशाल पुराण छापून प्रसिद्ध केलं. तोवर आजोबांच्या ओव्या आणि माझी इंग्लिश शाळा या मला दोन वेगळ्या दुनिया वाटत होत्या. त्या दिवशी कळलं, दोन्हींच्या मागे एकच छळ आहे आणि एकाच पिढीची माणसं आहेत. पर्सन्स फ्लँडर्सकडे वळले, स्टीफन्स आपल्या कोकणपट्टीवर आले. एकाने शाळा दिली, दुसऱ्याने आमच्या भाषेला महाकाव्य.

वर्गात हे मला कुणी शिकवलं नाही, आणि शिकवायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. लँकाशायरच्या मुलांनाही आपला एक पूर्वसुरी गोव्यात मराठीत लिहीत होता हे कळलं तर अभिमान वाटेल. म्हणून संपादकांमार्फत शाळेकडे एक मागणी करते: कॅम्पियन यांच्या दोराशेजारी ‘ख्रिस्तपुराणा’ची एक प्रत ठेवावी. प्रत मी देईन, आणि तिची माहिती मुलांना सांगायला स्वतः येईन.