ऑक्सिजन कमी झाला की हिस्टामीन वाढतं, पण बाहेर कोण सोडतं?

मागच्या जूनमध्ये लेहला गेलो होतो, दुसऱ्याच दिवशी सकाळी आत्याच्या हातांवर पित्त उठलं, कोपरापासून मनगटापर्यंत नुसत्या गांधी. आत्या कुठेही जाताना आमसुलं सोबत नेते, ती तिने वाटीत भिजत घातली आणि ते पाणी हातांना चोळत बसली. ग्रुपमधले एक काका म्हणाले, इथे ऑक्सिजन कमी ना, म्हणून हिस्टामीन (अंगावर पित्त उठवणारं रसायन) बाहेर पडतं, सगळ्यांनीच रोज एक सेट्रिझिन, ती ॲलर्जीची गोळी, घेऊन टाका. मी एमएस्सीला हिस्टामीन साठवणाऱ्या पेशीच बघितलेल्या, तरी काका बरोबर की चूक हे मला सांगता आलं नाही आणि ते मनाला फार लागलं. परत आल्यावर पंधरा दिवस रोज रात्री हेच वाचत होते.

ही पेशी म्हणजे मास्ट सेल, हिस्टामीन तिच्या दाण्यांत साठलेलं असतं. 1878 साली पॉल एर्लिखने जर्मनमध्ये हे नाव दिलं, कारण दाण्यांनी गच्च भरलेली ही पेशी त्याला खात्यापित्या घरची वाटली. आमच्या लॅबमध्ये उंदराच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा स्लाइडवर पसरून त्यावर टोल्युइडिन ब्लू टाकायचो, रंग निळा पण ह्या पेशी मात्र जांभळ्या दिसायच्या, अनारशाला खसखस चिकटलेली असते ना तसे दाटीवाटीने दाणे, आणि एखादी फुटलेली असली की तिच्या भोवती ते दाणे सांडलेले. ते दृश्य मी अजून विसरले नाहीये.

आता मुद्दा असा की हिस्टामीन बनवणं वेगळं आणि सोडणं वेगळं. बनवायचं काम एका एन्झाइमचं, हिस्टिडीन डिकार्बोक्सिलेज, ते हिस्टिडीन ह्या अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं की झालं हिस्टामीन. ह्या कामाला ऑक्सिजन लागतच नाही! उलट हिस्टामीन मोडायचे जे दोन मुख्य रस्ते आहेत त्यातल्या एकाला, म्हणजे डायअमाइन ऑक्सिडेजला, ऑक्सिजन लागतो. हे वाचलं तेव्हा मी वही बंद करून थोडा वेळ तशीच बसले होते.

शिवाय पेशीत एचआयएफ-1 नावाचं प्रोटीन आहे. ऑक्सिजन भरपूर असला की त्याचा अल्फा भाग तयार होतो आणि काही मिनिटांत मोडलाही जातो, ऑक्सिजन घटला की तो टिकतो, केंद्रकात जातो आणि कितीतरी जीन्स चालू करतो (ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा ह्यांना 2019 चं नोबेल मिळालं). माणसाच्या मास्ट सेलवरच्या प्रयोगांत दिसलंय की एचआयएफ-1 जागं झालं की त्या हिस्टामीन बनवणाऱ्या एन्झाइमचं जीनही जास्त काम करायला लागतं. म्हणजे कोठार भरतं.

पण कोठाराचं दार? मास्ट सेल नुसत्या कमी ऑक्सिजनमध्ये ठेवल्या तर त्या जगतात, आयएल-6 सारखा रासायनिक निरोप सोडतात, दाणे मात्र बाहेर टाकत नाहीत. आणि तरीही जिवंत उंदराला 10 टक्के ऑक्सिजनची हवा दिली की काही मिनिटांत त्याच्या आतड्याच्या पडद्यातल्या मास्ट सेल फुटायला लागतात, हो, मी स्लाइडवर बघायचे तोच पडदा. कारण ऑक्सिजन घटल्याचं फुप्फुसातल्या मॅक्रोफेज ह्या रोगप्रतिकारक पेशींना कळतं, त्या एमसीपी-1 नावाचा निरोप रक्तात सोडतात आणि तो लांबवरच्या मास्ट सेलना उठवतो. मला हे फारच सुंदर वाटतं, दार उघडायचा हुकूम भलतीकडून येतो.

म्हणजे काका अगदीच चुकीचे नव्हते. पण लेहला, 3500 मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणजे तिथली हवा आपल्या इकडच्या 13-14 टक्के ऑक्सिजनच्या हवेसारखी, त्या उंदरांइतकी वाईट नाही. आणि सेट्रिझिन हे विरळ हवेच्या त्रासावरचं औषध नव्हेच. डोकं ठणकतंय, उलट्या होतायत तर आणखी वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं, हे मी त्या सकाळी तरी ठामपणे बोलायला हवं होतं.

मग आत्याला फोन केला, त्या दिवशी सकाळी काय काय केलंस विचारलं. "अगं, गरम पाणी आलं नव्हतं, तर त्या बर्फासारख्या पाण्यात चार कपडे पिळून टाकले." तिला पुण्यात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पिशवीत बर्फाचा खडा घालून पाच मिनिटं तिच्या हातावर धरला, काढला आणि म्हणाले थांबा जरा. दहा मिनिटांत तिथे गांध उठली, अगदी खड्याच्या आकाराची, चौकोनी.