पक्के लायसन्स मिळाल्यानंतरचे शिक्षण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस धरल्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी, आमच्या मुलाच्या हातून गाडी पहिल्यांदा घसरली. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या आरे-वारेच्या रस्त्यावर एका उतरत्या वळणाच्या आतल्या अंगाला, वरच्या सड्यावरून पाण्याबरोबर वाहून आलेली तांबडी माती पातळ लेपासारखी पसरली होती. वेग चाळीसच्या आतबाहेर असेल. समोर गाय दिसताच त्याने ब्रेकवर पूर्ण जोराने पाय दिला, चाके जागच्या जागी थांबली आणि गाडी मात्र वळणाकडे पाठ फिरवून सरळ पुढे गेली. डावे पुढचे चाक गटारात उतरल्यावर ती थांबली. कोणालाही लागले नाही आणि गायही निघून गेली. मी शेजारच्या सीटवर होते. बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "आई, मी स्टिअरिंग फिरवलं होतं गं. गाडीनं ऐकलंच नाही."

त्याचे म्हणणे खरे होते आणि ते का खरे होते, हे त्याला कोणीही शिकवलेले नव्हते. आम्ही नियमाने चाललो होतो. अठरा पूर्ण होण्याआधी त्याच्या हाती किल्ली दिली नव्हती. आमच्या वाडीत चौदा-पंधरा वर्षांची मुले सर्रास मोटरसायकल फिरवतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे सांगितले तरी लोकांना ते पटत नाही. त्याने शिकाऊ परवाना काढला, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा दिवस रोज अर्धा तास गाडी चालवली, परवान्याचे तीस दिवस भरल्यावर परीक्षा दिली आणि एप्रिलमध्ये त्याला पक्के लायसन्स मिळाले. तोवर त्याने पाऊस, रात्र किंवा घाट यांपैकी कशातही गाडी चालवलेली नव्हती. कोकणात राहणाऱ्या माणसाच्या वाहन चालवण्यातून या तीन गोष्टी वगळल्या, तर फारसे काही उरत नाही.

त्या रात्रीपासून मी पुढच्या प्रशिक्षणाचा शोध सुरू केला. गाव लहान, पर्याय थोडे, आणि जाहिरातींत "ॲडव्हान्स" हा शब्द कशालाही चिकटवलेला असतो, म्हणून तो शोध इथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली चौकशी जवळच्याच एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये केली. त्यांच्या फलकावर ॲडव्हान्स कोर्स लिहिलेला होता. चौकशीअंती कळले की तो म्हणजे आणखी दहा दिवस, तीच गाडी आणि बाजारपेठेतला तोच रस्ता. शिकवणारे गृहस्थ सभ्य होते. ओल्या रस्त्यावर चाके लॉक झाल्यावर काय करायचे ते शिकवता का, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, "मॅडम, तेवढ्या वेगात जायचंच कशाला?" यातला अर्धा भाग मला मान्य आहे, पण उरलेल्या अर्ध्या भागासाठीच मी त्यांच्याकडे गेले होते.

दुसरा पर्याय मुलाच्या मित्रांनी सुचवला. आपल्या देशातल्या रेसिंगच्या जुन्या ट्रॅकपैकी दोन दक्षिणेत आहेत, एक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि दुसरा कोइमतूरला. अशा ट्रॅकवर एक-दोन दिवस गाडी वेगाने वळवायला, मुद्दाम घसरवायला आणि घसरलेली सावरायला शिकवतात. चित्रफिती पाहून मुलाचे डोळे चमकले. माझेही मन काही दिवस तिकडे झुकले होते, कारण घसरलेली गाडी सावरता येणे हीच त्याची उणीव आहे, असे मी तेव्हा धरून चालले होते. मग मी त्याविषयी वाचायला बसले आणि माझे मत बदलले.

निसरड्या रस्त्यावरचे प्रशिक्षण ज्या देशांनी सर्वांत आधी मनावर घेतले, ते बर्फाचे देश आहेत. नॉर्वेमध्ये नवशिक्यांना असे प्रशिक्षण सक्तीचे केल्यानंतर तरुण पुरुष चालकांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचे आढळले. स्वीडनमधील संशोधक ग्रेगर्सन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात शिकाऊ चालकांचे दोन गट केले होते. एका गटाला निसरड्या पृष्ठभागावर ब्रेक लावून अडथळा चुकवण्याचे कौशल्य शिकवले आणि दुसऱ्याला आपले कौशल्य किती तोकडे पडते याची जाणीव करून दिली. नंतरच्या चाचणीत दोन्ही गटांच्या प्रत्यक्ष कौशल्यात फरक आढळला नाही. मात्र पहिल्या गटातील मुलांना आपण अधिक चांगले चालवतो, असे वाटू लागले होते. मला या शेवटच्या वाक्याने रात्रभर झोप लागू दिली नाही. अठरा वर्षांच्या मुलाला दोन दिवसांत सराईत करता येत नाही, पण आपण सराईत झालो आहोत असे त्याला दोन दिवसांत नक्कीच वाटू शकते, आणि तो समज घेऊन तो आंबा घाटात उतरला तर मी पैसे खर्च करून त्याचा धोका वाढवलेला असेल.

आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक चालक राहतात. रत्नागिरी-कोल्हापूर गाडी त्यांनी कित्येक पावसाळे आंबा घाटातून नेली. त्यांना हे सारे सांगितल्यावर ते म्हणाले, "वहिनी, घसरलेली गाडी सावरायला शिकवतात ते चांगलंच आहे. पण मी नोकरीत इतकी वर्षं काढली ती गाडी घसरू दिली नाही म्हणून." माझी निवड या वाक्याने ठरवली. मुलाला गाडीची मर्यादा स्वतःच्या हातापायांनी कळावी आणि ती कळल्यावर तो त्या मर्यादेपासून लांब राहावा, एवढेच मला प्रशिक्षणाकडून हवे होते.

त्यानंतर पुण्याच्या बाजूच्या तीन-चार केंद्रांना फोन केले. प्रशिक्षक दिवसभर मुलाच्या शेजारी बसणार की बाहेर उभा राहून वॉकीटॉकीवर सूचना देणार, एका गाडीमागे मुले किती आणि प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्यक्ष चालवण्याची मिनिटे किती, मैदान पाण्याने ओले करतात की नाही, असे माझे प्रश्न होते. एका ठिकाणी आठ मुलांमागे एक गाडी होती, म्हणजे मुलाने दिवसाचा बहुतेक वेळ मंडपात बसूनच काढला असता. शेवटी मी विचारत असे की गाडी सावरता येते असे वाटून मुले पुढे अधिक वेगाने चालवू लागतात, त्यावर तुम्ही काय करता. बहुतेकांना हा प्रश्नच नवा होता. एका केंद्रातील प्रशिक्षकांनी मात्र शांतपणे सांगितले, "आम्ही प्रत्येकाला किमान एकदा असा व्यायाम देतो की जो त्याला जमणार नाही, आणि तो का जमत नाही ते समजावून सांगतो." मी तेच केंद्र निवडले.

आणखी एक मुद्दा मला आधी सुचला नव्हता, तो त्यांनीच काढला. आमची गाडी २०१५ ची, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, पण त्याआधीच्या असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि घरातली जुनी गाडीच नव्या चालकाच्या वाट्याला येते. एबीएस असलेल्या गाडीत संकटाच्या वेळी ब्रेक पूर्ण दाबून धरायचा असतो. आमच्यासारख्या गाडीत तसे केले की चाके लॉक होतात आणि लॉक झालेले चाक वळवले तरी गाडी वळत नाही. आरे-वारेच्या रस्त्यावर नेमके हेच झाले होते. म्हणून त्यांनी आमचीच गाडी घेऊन येण्यास सांगितले. केंद्राच्या नव्या गाडीवर शिकलेला पाय घरच्या गाडीत चुकीचे वागला असता.

मैदानावर पोहोचल्यावर प्रशिक्षकांनी बॉनेट उघडले नाही, ते टायरपाशी उकिडवे बसले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या मागच्या टायरवर २३१७ होते, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. खाचांची खोली कायद्याच्या १.६ मिलिमीटरच्या थोडीशीच वर होती. "कायद्यात बसतात, पावसात बसत नाहीत," एवढे बोलून ते उठले. खाचा उथळ झाल्या की चाकाखालचे पाणी बाहेर फेकले जात नाही आणि टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगू लागतो, हे त्यांनी मुलाला त्याच्या बोटाने खाच चाचपायला लावून समजावले.

दुपारी ओल्या पट्ट्यावरचा व्यायाम झाला. ताशी पन्नासच्या वेगाने येऊन खुणेपाशी पूर्ण ब्रेक लावायचा आणि समोरच्या शंकूंना डावीकडून चुकवायचे. मुलाने ब्रेक दाबला, चाके थांबली, त्याने स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवले आणि गाडी तशीच सरळ जाऊन शंकू चिरडत थांबली. मी कठड्याबाहेरून पाहत होते. चाके स्पष्टपणे डावीकडे वळलेली आणि गाडी सरळ चाललेली, हे दृश्य विलक्षण होते. दुसऱ्या खेपेस प्रशिक्षकांनी आतून "पाय सोड!" असे ओरडून सांगितले. त्याने पाय उचलताच चाके फिरू लागली आणि आधीच वळवून ठेवलेल्या दिशेला गाडी एकदम हिसका मारून वळली. घाटात हा हिसका दरीच्या बाजूला बसू शकतो, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. नंतर केंद्राची एबीएस असलेली गाडी दिली, तेव्हा पायाखाली पेडल थरथरताच काहीतरी मोडले असे वाटून त्याने पहिल्या वेळी पाय काढून घेतला. थरथरणे म्हणजे यंत्रणा काम करीत असल्याची खूण आहे, पाय तसाच दाबून ठेवायचा, हे त्याला तीन फेऱ्यांनंतर अंगवळणी पडले.

त्यानंतर तोच व्यायाम ताशी साठच्या वेगाने सांगितला आणि तो कोणालाच जमला नाही. फळ्यावर हिशेब मांडला गेला. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच तेवढे अंतर गेलेले असते. पुढे थांबायला, घर्षणगुणांक (रस्त्यावरची पकड दाखवणारा आकडा) कोरड्या डांबरावर ०.७ धरला तर सुमारे २० मीटर आणि ओल्यावर ०.४ धरला तर सुमारे ३५ मीटर लागतात. दोहोंतील फरक एका एसटी बसच्या लांबीपेक्षा मोठा आहे. तांबड्या चिखलाचे गणित त्याहून वाईट. परतीच्या वाटेवर मुलगा आपण होऊन म्हणाला, "त्या दिवशी चाळीस नव्हे, पंचवीसच हवे होते." दोन दिवसांच्या शुल्कात दोन नवे टायर आले असते, पण या एका वाक्यासाठी मला ते शुल्क जड वाटले नाही. टायर त्याच आठवड्यात बदलले.

तरीही दोन दिवस म्हणजे दोनच दिवस. स्वीडनने १९९३ मध्ये मोठ्यांच्या सोबतीने सराव करण्याचे वय सोळावर आणले. त्या सवलतीचा लाभ घेतलेल्या मुलांचा परीक्षेपूर्वीचा सराव सरासरी ११८ तासांपर्यंत गेला आणि त्यांच्या गटात पुढे अपघातही कमी झाले. आपल्याकडे अधिकृत प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ मध्ये आखलेला मोटारीचा अभ्यासक्रमही एकूण २९ तासांचा, त्यात प्रत्यक्ष चालवणे २१ तासांचे. बाकीचे तास आपल्यालाच भरावे लागणार, असे समजून मी एका वहीत तारीख, रस्ता, पाऊस आणि वेळ लिहिण्यास सुरुवात केली. आजवर ४१ तास झाले आहेत.

त्यांतले सहा तास आंबा घाटाचे आहेत. पहिल्या खेपेस शेजारचे काका पुढच्या सीटवर बसले आणि मी मागे. ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर उतरायचा, न्यूट्रलला गाडी कधी टाकायची नाही, ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापून ऐन वळणावर निकामी होतो, अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे सारे त्यांनी एकेका वळणावर दाखवले. ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा आणि वळणात फक्त वळायचे, हे त्यांचे सांगणे मैदानावरील शिकवणुकीशी तंतोतंत जुळले, कारण टायरकडे असलेली पकड एकच असते आणि ती थांबण्यात खर्च झाली की वळण्यासाठी शिल्लक राहत नाही. धुके इतके दाट होते की पुढच्या ट्रकचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. मुलगा दुसऱ्या गिअरमध्ये साखरप्यापर्यंत उतरला. मागून एक जीप सारखा हॉर्न वाजवत होती. त्याने जागा मिळताच बाजूला होऊन तिला जाऊ दिले, तेव्हा काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ज्यांना पुण्यापर्यंत जाणे शक्य नाही, त्यांनी किमान टायरवरचे चार आकडे आजच पाहावेत आणि आपल्या गाडीला एबीएस आहे की नाही हे मुलाला ठाऊक आहे का, ते विचारावे. एबीएस असेल तर इंजिन सुरू केल्यावर डॅशबोर्डवर त्याचा दिवा क्षणभर लागून विझतो. सार्वजनिक रस्त्यावर गाडी मुद्दाम घसरवून पाहण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये.

रात्रीचे वाहन चालवणे अजून बाकी आहे. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या रात्रभर हायवेवर असतील, आणि थकलेले डोळे, समोरच्या गाड्यांचे डोळे दिपवणारे अप्पर दिवे आणि रस्त्यावर बसलेली गुरे यांना एकाच वेळी तोंड देण्याइतका सराव त्याचा झालेला नाही. म्हणून चिपळूणहून आत्याला आणण्यासाठी यंदा मीच जाणार आहे, आणि तो शेजारी बसेल, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे. दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाले की निवळी फाट्यापर्यंत रोज एक तास, सूर्य मावळल्यावर, वहीचे पुढचे पान सुरू होईल.