चार सव्वे पाच

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घरोघरी सव्वाच्याच मापाने होतो. सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप. पोथीत गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं चालेल अशी सूट आहे, सव्वाला मात्र सूट नाही.

घरच्या पूजेला हे सोपं जातं. गंमत सुरू होते ती श्रावणात सोसायटीची पूजा असली की. माणसं वाढणार, तर शिरा चौपट करू, असं कुणीतरी म्हणतं. चार सव्वे पाच. हिशेब चोख, पण सव्वा गेला कुठे? सहापट करावा तर येतात साडेसात वाट्या, आणि देवाच्या कामात साडेसाती कोण ओढवून घेणार! पाचपट केला की सव्वासहा, म्हणजे सव्वा पुन्हा हजर. त्यानंतर तो भेटतो थेट नऊपटीला, सव्वाअकरा होऊन.

शाळेत याला पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा गुणाकार म्हणतात. सव्वाचे आधी पाच छेद चार करायचे, अंशाला पाचाने गुणून पंचवीस छेद चार आणायचे, मग भागाकार करून पुन्हा सहा पूर्णांक एक छेद चार. उत्तर बरोबरच येतं. पण पावकी, सवायकी म्हणजे पावाचे, सव्वाचे पाढे घोकून मोठ्या झालेल्या आमच्या काकू छेदाच्या वाटेला जातच नाहीत. पाच वाट्या, आणि पाच पाव म्हणजे आणखी सव्वा, झाल्या सव्वासहा. मला हीच रीत पटते. परातीत रवा घेतानाही हात तसाच चालतो, आधी शीग काढलेल्या वाट्या आणि मग उरलेला पाव. पंचवीस पाववाट्या मोजत कोण बसतंय?

चौपटीचं कोडंही काकूंना पडत नाही. "वाटी कशाला धरून बसलीस? चार वाट्यांचं पातेलं घे, झालं सव्वा पातेलं!" वजनाचंही तेच. सव्वा पावाची चौपट म्हणजे पाच पाव, आणि पाच पाव म्हणजे सव्वा किलो. माप बदललं की सव्वा परत येतो. सत्यनारायणाला ही पळवाट मान्य असावी.

दूध-पाण्याला मात्र असा सरळ गुणाकार लावू नये. पातेलं मोठं झालं की वाफ त्या मानाने कमी जाते आणि शिरा सैल पडतो, म्हणून थोडं दूध हातचं राखायचं. भाजायलाही काही पाचपट वेळ लागत नाही, पण तळाचा रवा लाल आणि वरचा पांढराफटक राहू नये म्हणून उलथनं थांबवायची सोय नाही.

सगळ्यात अडतं ते केळ्यापाशी. सव्वा केळ्याची पाचपट सव्वासहा केळी. सातवं सोलून त्यातलं पाव घातलं की पाऊण उरतं, आणि नैवेद्य व्हायच्या आधी ते तोंडात टाकता येत नाही. आमच्याकडे सातही घालून मोकळे होतात.