तो एक रकाना

काल फॉर्म भरताना 'कुटुंबात कोणाला मानसिक आजार?' इथे मी 'नाही'वर टिक केली. पेन नीट उठत नव्हतं म्हणून दोनदा गिरवली पण. तेव्हापासून ती टिक काही डोक्यातून जात नाहीये.

तसं बघितलं तर खोटं कुठेय? आईला कुणी कधी डॉक्टरकडे नेलंच नाही, कागदोपत्री काहीच नाही. घरात फक्त "तिचं डोकं दुखतंय, दंगा करू नका" एवढंच. मला आठवते ती तिची पाठ, भिंतीकडे तोंड करून झोपलेली, आणि अर्धीच घातलेली वेणी, खालचे केस तसेच सुटे, दोन दोन दिवस. ताई म्हणते तुला सगळं जरा जास्तच आठवतं. असेल. ताईचं आणि माझं यावरून एकदा... जाऊ दे.

रात्री वाचत बसले, बसायला नको होतं. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला मेजर डिप्रेशन असेल तर आपल्याला व्हायची शक्यता दोन ते तीन पट. जुळ्यांच्या अभ्यासांवरून काढलेली अनुवंशिकता साधारण ३७ टक्के. मला आधी वाटलं माझ्या आजारातली ३७ टक्के आई! म्हणजे उदासी तर उदासी, तीही स्वतःची नाही, ताईच्या जुन्या फ्रॉकसारखी उतरून आलेली. खूप रडले. मग पुढे वाचलं तर तो आकडा एका माणसाचा नसतोच, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती जीन्समुळे, एवढंच तो सांगतो. उगाच रडले.

पण 'नाही' का केलं मी? आईची अब्रू वगैरे, असं स्वतःला सांगून झालं. खरं म्हणजे टरकले. 'हो' केलं असतं तर ते आईपाशी थांबलं नसतं आणि माझ्यापाशीही नाही, आमची धाकटी हल्ली दुपारी पडदे ओढून झोपते (तेरा वर्षांची आहे, या वयात सगळीच झोपतात, माहितीये मला).

आणि खापर फोडायला धड एक जीनसुद्धा नाही हो. २००३ मध्ये सेरोटोनिनवाला (मेंदूतलं एक रसायन ते) एक जीन भारी गाजला होता, त्याची आखूड प्रत असली की आयुष्यातले धक्के जास्त लागतात म्हणे. २०१९ मध्ये लाखो लोकांचा डेटा घेऊन तो आणि तसलेच नावाजलेले, मिळून अठरा तपासले, तर कुठलेही चार जीन उचलले असते तरी चाललं असतं अशी गत. आता २०२५ च्या अभ्यासात डीएनएमध्ये जवळजवळ ७०० जागा सापडल्यात, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. आम्ही आईला बोल लावणार, आई तिच्या सासूला, आणि इथे आरोपीच सातशे! बरं, सासू आईच्या जीन्समध्ये नाहीच बिचारी. माझ्यात मात्र आहे.

सकाळी आईला फोन केला. विचारायचं होतं, तेव्हा तुला नक्की काय व्हायचं गं. विचारलं नाही. ठेवताना तीच म्हणाली, "गोळी वेळेवर घेतेस ना?" मी तिला गोळीचं कधीच सांगितलेलं नाही. ताईनेही नाही, लगेच विचारलं तिला.

गुरुवारी परत जायचंय. त्या रकान्यात दुरुस्ती करायची म्हटली तर काउंटरवरची बाई पहिल्यापासून चारही पानं भरायला लावणार, चेहऱ्यावरूनच कळतं. घरचं पेन नेते.