जिम्नी, स्पिती आणि सस्पेंशन: काझा-बातल-ग्राम्फू करायच्या आधी हे वाचा

सप्टेंबरमध्ये जिम्नी, म्हणजे मारुतीची छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, घेऊन हिमाचलातली स्पिती करून आलो. शिमला, रिकाँग पिओ, नाको, ताबो, काझा असं चढत गेलो आणि कुंझुम, बातल, ग्राम्फू करत मनालीला उतरलो. डोंगरांचे फोटो सगळ्यांनी भरपूर बघितलेत, म्हणून मी गाडीच्या खालच्या बाजूबद्दलच लिहितोय, कारण निघायच्या आधी सस्पेंशन बदललं होतं आणि तेव्हापासून सगळे विचारतायत की लिफ्ट किती केली, म्हणजे गाडी किती उंच केली. लिफ्ट हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. खडीच्या रस्त्यावर गाडीची उंची कमी पडते म्हणून हाल होत नाहीत, हाल होतात ते गाडी ओव्हरलोड असते आणि शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) तापून काम सोडतो म्हणून.

तर आधी वजन. जिम्नी रिकामी साधारण १२०० किलो आणि ग्रॉस वेट, म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, १५४५, म्हणजे माणसं, बॅगा, टूल्स, जास्तीचं पेट्रोल हे सगळं ३४५ किलोत बसवायचंय. चार मोठी माणसं बसली की त्यातले ३०० तिथंच संपले. आम्ही तिघंच गेलो, मागची अर्धी सीट पाडून सामान खाली ठेवलं आणि टपावर कॅरियर लावलाच नाही, कारण टपावरचं वजन वळणावर गाडी हलवतं ते वेगळंच आणि तो सगळा हेलकावा शेवटी शॉकअपलाच आवरायचा असतो. पूर्ण भरलेली गाडी पेट्रोलची टाकी फुल करून वजनकाट्यावर न्या, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, असे दोन आकडे घ्या. किरकोळ पैशात काम होतं आणि स्प्रिंग कुठली घ्यायची ते तिथंच ठरतं. सस्पेंशन किट (स्प्रिंगा आणि शॉकअपचा संच) विकणारे वजनाप्रमाणे हलकी, मध्यम, जड अशा स्प्रिंगा ठेवतात. पाच दिवस ऑफिसला एकटा जाणारा माणूस जड स्प्रिंग लावून घेतो आणि मग गाडी उड्या मारते, चाक जमीन धरत नाही. आणि जड स्प्रिंग टाकली म्हणून ग्रॉस वेट वाढत नाही हे पण लक्षात असू द्या, ॲक्सल आणि ब्रेक तेच असतात.

आता शॉकअप. काझाच्या आसपास आणि पुढे लोसरच्या बाजूला खडीवर पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक आडव्या लाटा पडलेल्या असतात. तिथं चाक सेकंदाला कितीतरी वेळा वरखाली होतं आणि प्रत्येक वेळी शॉकअपमधलं ऑइल बारीक भोकांतून ढकललं जातं, त्याची उष्णता होते. ऑइल तापलं की पातळ होतं, त्यात हवा मिसळून फेस झाला की पिस्टनला धरायला काही उरतच नाही, आणि मग गाडी वळणावर बाहेर सरकायला लागते. मोनोट्यूबमध्ये पिस्टन बाहेरच्या नळीतच चालतो म्हणून ती लवकर थंड होते, पण त्याच नळीवर दगड बसून पोचा पडला तर पिस्टन अडकतो. ट्विन ट्यूबला आत दुसरी नळी असल्यामुळे बाहेरचा छोटा पोचा चालून जातो. मी जाड बॉडीचा, फोम सेलवाला ट्विन ट्यूब घेतला, म्हणजे गॅसऐवजी आत बंद पेशींचा फोम असतो आणि ऑइलमध्ये हवा मिसळत नाही. स्पितीत दगड सतत खालून उडतात, त्यामुळे मला तोच बरोबर वाटतो. लिफ्ट किटबरोबर आली तेवढीच, ४० मिमी.

फिटिंगच्या वेळी मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा, लाजू नका. रबरी बुशचे (सांध्यांमधल्या रबरी गाद्यांचे) बोल्ट गाडी गॅरेजच्या लिफ्टवर टांगलेली असताना फायनल टाइट करायचे नाहीत, गाडी खाली चाकांवर उभी करून, तिच्या वजनावर टाइट करायचे. नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. जिम्नीला पुढेही सरळ ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा) आहे, गाडी लिफ्ट केली की तो थोडा फिरतो, कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग हलकं, भटकल्यासारखं लागतं. त्याला कॅस्टर करेक्शनचे बुश मिळतात, ते किटबरोबरच टाकून घ्या. ब्रेकचे होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण खाली लोंबकळल्यावर ताणली जात नाही ना ते डोळ्यांनी बघा, मग अलाइनमेंट, बॅलन्सिंग, आणि हेडलाइटचा फोकस खाली. खर्च सगळा धरून सहा आकड्यात जातो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ स्पेसिफिकेशनपासून बदल करण्यावर बंधनं आहेत, म्हणून आरटीओचं, वॉरंटीचं आणि इन्शुरन्सचं काय ते पैसे द्यायच्या आधीच विचारून, लेखी घेऊन ठेवा.

किट लावून थेट हिमालयात जायचं नाही. आम्ही भरलेली गाडी पुण्याजवळ वेल्हे-केळदच्या बाजूला कच्च्यावर फिरवली, मग पुन्हा सगळे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासले, त्यात दोन खरंच थोडे फिरले. नव्या स्प्रिंगा जराशा बसतात, हे सगळ्या किटला लागू आहे.

रस्त्याचं बोलायचं तर रिकाँग पिओपर्यंत बहुतेक डांबर, सफरचंदाचा सीझन असल्यामुळे रामपूरकडे ट्रकच ट्रक. खाबला सतलज आणि स्पितीचा संगम लागतो, तिथून पुढे नाकोकडे चढ आणि दरडीचे पट्टे. काझापर्यंत स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, गाडीही आरामात येते, उगाच घाबरू नका. खरी परीक्षा कुंझुमच्या पलीकडे. कुंझुम ४५५१ मीटरवर, तिथं साध्या पेट्रोल इंजिनची ताकद जवळपास ४० टक्के कमी होते, म्हणून जिथं फर्स्टमध्ये गाडी कण्हते तिथं फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर) टाका आणि हळू चढवा. वेग घेऊन दगडावर चढवायला गेलात की सस्पेंशन पूर्ण दबून बंप स्टॉपला (शेवटच्या रबरी आडकाठीला) धाडकन आपटणार. बातलपासून ग्राम्फूपर्यंत बीआरओचं (सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी संस्थेचं) काम चालू असतं, मधेच चांगला पट्टा लागतो आणि पुढच्याच वळणाला नदीतले गोल धोंडे. चांगल्या पट्ट्यावर वेग चढतो आणि तो धोंड्यांच्या आधी उतरत नाही, गाड्या इथंच मोडतात.

टायरची हवा हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे, आणि लाखाचं किट लावणारे नेमके हेच विसरतात. आमची हलकी गाडी, २१५/७५ आर १५ चे ए/टी (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) टायर, खडीवर २२ पीएसआय ठेवले. बारीक लाटा टायरच पिऊन टाकतो, शॉकअपवरचं काम कमी होतं. पण हवा कमी म्हणजे वेगही कमी, २५-३० च्या आसपास, नाहीतर धारदार दगडाने साइडवॉल (टायरची बाजू) जाईल. छोटा कंप्रेसर आणि गेज जवळ पाहिजेच, डांबर लागलं की लगेच भरायची.

दर तासाभराने थांबून शॉकअपकडे बघायची सवय लावा. हात जवळ नेऊन धग घ्या, एकदम पकडू नका, चटका बसेल. एकाच ॲक्सलवरचे दोन्ही सारखे गरम असायला हवेत. एक गरम आणि एक गार असेल तर गार असलेला काम करत नाहीये, तो मेला. आमच्याबरोबरच्या दुसऱ्या गाडीचा मागचा डावा असाच लोसरला सापडला, नळीवर ऑइल आणि त्यावर धूळ चिकटलेली. त्यांनी स्वतःचे जुने स्टॉक शॉकअप बरोबर आणले होते म्हणून वाचले. लिफ्टच्या स्प्रिंगवर तो आखूड पडतो, चाक पूर्ण खाली जात नाही, पण सावकाश घरी येता येतं. तुम्ही पण जुना एक तरी शॉकअप आणि एक बुश सेट ठेवाच. काझाला पंक्चर, वेल्डिंग होतं, तुमच्या किटचा बुश मिळणार नाही.

बाकी थोडक्यात: काझाला टाकी फुल करा, पुढे मनालीपर्यंत पंप नाही. बातल-छतरूचे नाले सकाळी लवकर ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. चंद्रताल तलावाचा फाटा बातलच्या जवळच आहे, पुढचा साधारण १२-१४ किमी रस्ता अरुंद, समोरून गाडी आली तर मागे घ्यायची तयारी ठेवा. ग्राम्फूहून कोकसरला उतरून अटल टनेलने आलात तर रोहतांगचं परमिट लागत नाही. मनालीत पोचलात की पहिलं गाडी धुवा, खालून, प्रेशरने, बुशमधली वाळू निघेपर्यंत, आणि पुण्याकडे निघायच्या आधी चारही चाकांचे नट आणि सस्पेंशनचे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.