नदीकाठची रोपं: आमची वाटचाल

आमच्या रोपवाटिकेत गुलमोहर मिळत नाही, कोनोकार्पस हे झटपट वाढणारं परदेशी झाड मिळत नाही. ‘लवकर वाढणारं काहीतरी द्या’ म्हणणाऱ्याला चहा मिळतो, रोप नाही. कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीच्या अलीकडे, आम्ही फक्त नदीकाठची देशी झाडं करतो. वाळुंज (आपल्याकडची विलो), करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ, निवर, शेरणी (पाण्यालगत वाढणारं झुडूप) आणि वाळ्याचे ठोंब. एवढ्यावर पोट भरत नाही असं सांगणाऱ्यांत आमच्या घरचे पहिले होते.

सुरुवात दोघांनी केली. झाडं भागीदाराला कळायची, हिशेब मला. भांडवल म्हणजे शेडनेट, काळ्या पिशव्या, छाटणीचे दोन सिकेटर आणि त्याने लोहाराकडून ट्रकच्या जुन्या ॲक्सलची करून घेतलेली पहार. ही पहार वजनदार का, हे काठावर काम केल्याशिवाय समजत नाही. वाळुंजाला खड्डा लागत नाही. अंगठ्याएवढी जाड काडी घ्यायची, खालचा काप तिरका, वरचा सपाट, म्हणजे मजूर काडी उलटी लावत नाही. पहारीने भोक, दोन भाग काडी आत, एक भाग वर, आणि टाचेने माती दाबायची. हलक्या पहारीचं भोक वाकडं पडतं, काडीची साल सोलते आणि ती कुजते. भागीदार पुढे पुण्याला नोकरीला गेला. जाताना त्याने पहार मागितली होती. मी दिली नाही.

सरकारी वृक्षलागवडीच्या मोहिमेची वर्षं बरी गेली. 2019 चं उद्दिष्ट तर 33 कोटींचं होतं, त्यामुळे पिशवीत हिरवं काही असलं की विकलं जात होतं. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग ऑगस्ट 2019. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, एवढं म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. रोपवाटिका पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर गेलो तर वाफे कुठले आणि वाटा कुठल्या हेही कळेना, सगळीकडे एकसारखी मळी. आवळा, बेहडा, कडुनिंब, जे गिऱ्हाइकाच्या हट्टापायी ठेवलं होतं ते सगळं सडलेलं. करंजाची पानं गळाली होती, पण खोड नखाने खरवडलं की आत हिरवं. आणि वाळुंजाच्या ज्या काड्या बुडाल्या होत्या, त्यांच्या खोडाला, मातीच्या वर, लालसर मुळ्यांचे झुबके फुटले होते. आमच्या मावशी म्हणाल्या, “ह्याला पूर आलेला कळलाच नाही की.”

पंचनाम्यात मात्र ऊस होता, सोयाबीन होतं, म्हशी होत्या. रोपवाटिका कोणत्या रकान्यात घालायची हे ठरेना, म्हणून ती घातलीच नाही. बँकेचा हप्ता मात्र बरोबर रकान्यात होता.

त्याच हिवाळ्यात जवळच्याच एका पट्ट्यात काठावर झाडं लावायचं काम निघालं. वाटलं, हे आपलंच. अटी वाचल्या: रोपाची उंची किमान सहा फूट, लागवड जुलैत, दर सर्वांत कमी. सहा फुटी रोप म्हणजे पिशवीत मुळांची गुंडाळी झालेलं, वर काठीचा आधार. जुलैत लावायचं आणि ऑगस्टच्या पाण्यात सोडायचं. मी लेखी कळवलं की काठावरची लावणी पाणी उतरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी, म्हणजे पुढच्या पुरापर्यंत मुळं धरतात. उत्तर आलं नाही. काम दुसऱ्याने घेतलं, परराज्यातून ट्रकने कोनोकार्पस आणला आणि फोटो फार सुंदर आले. नाव घेत नाही; ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

आम्ही बंद करायच्या बेतात होतो तेव्हा तात्या आले. उसाचे शेतकरी, आमचे अगदी पहिले गिऱ्हाईक. दर पुराला त्यांचा काठ ढासळायचा. त्यांनी न उगवलेल्या रोपांचे पैसे आगाऊ ठेवले आणि म्हणाले, “काठाकडचा ऊस सोडतो मी. लाव काय लावायचं ते.” पण एकट्या तात्यांच्या काठाने काय होणार? शेजाऱ्याचा ऊस धारेवर असला की पाणी तिथून आत शिरतं आणि मागून येतं. पाणी गट नंबर वाचत नाही. म्हणून देवळात बैठका झाल्या. मोटारीच्या पाइपलाइनला वाट हवी, मेंढरांना पाण्यावर उतरायला जागा हवी, भोई म्हणाले होडी लागते तिथे काही लावू नका. वीटभट्टीवाला मळीची माती सोडायला शेवटपर्यंत तयार नव्हता. त्याचा तुकडा वगळून बाकीच्यांनी पट्टा सोडला. पाण्यालगत शेरणी आणि वाळा, त्यावर वाळुंज, वरच्या अंगाला करंज, अर्जुन, उंबर. खर्च निम्मा त्यांचा, मजुरी त्यांच्या घरची.

जुलै 2021 ला पुन्हा पूर. वाळुंज आडवा झाला आणि पाणी गेल्यावर उभा राहिला, तात्यांचा काठ जागेवर. भट्टीवाल्याच्या तुकड्यात दरड कोसळली. कोनोकार्पसचं काय झालं ते मी मुद्दाम जाऊन पाहिलं आणि मला वाईट वाटलं नाही. पण ते लावणाऱ्या कंत्राटदाराचं बिल केव्हाच निघालं होतं. 2023 मध्ये गुजरातने कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली, तेव्हापासून तो गृहस्थही ‘देशी वृक्ष’ असा फलक लावून बसलाय. त्याच्या यादीत मध्य अमेरिकेतून आलेलं गिरिपुष्पही देशी आहे.

नव्याने काठ घेणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो, विचारलं नसलं तरी. सगळा काठ झाडांनी भरू नका. उभी मातीची दरड असते तिथे वेडे राघू आणि खंड्या बिळं करतात, ती तशीच ठेवा. वाळूचा उतार असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल तिथे मगर अंडी घालते. तिथे लावणीही नको आणि माणसंही नकोत. दुसरं, जांभळाचं बी साठवत नाहीत. फळ खाल्लं की दोन-चार दिवसांत पेरायचं. डब्यात भरून ठेवून दिवाळीत ‘उगवत नाही’ म्हणून फोन करू नका.

वाळुंजाच्या काड्यांची मागणी पावसाळ्यातच नोंदवा, निम्मी रक्कम आगाऊ. जूनमध्ये ‘उद्या वृक्षदिंडी आहे, दोनशे रोपं पाठवा’ म्हणणाऱ्यांनी दुसरीकडे जावं. शाळेचा फोन असला तर द्यावी लागतात, ते वेगळं.