उपाय तुम्हीच का नाही सांगत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसं सगळेच विचारतात. परवा एका डॉक्टर मित्राने विचारलं, "एवढी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तू, मग उपाय सांगून मोकळी का होत नाहीस? समोरच्यालाच 'तुम्हाला काय वाटतं?' विचारायचं, तर फी कशाची घेतेस?"

फीचा टोमणा लागतो, खोटं कशाला बोलू.

सुरुवातीची काही वर्षं मी सांगतच होते की! तक्ते करून द्यायचे. श्वासाचा व्यायाम, रोज लिहायची काळजीची वही, टाळत असलेल्या गोष्टींच्या सोप्याकडून अवघडाकडे पायऱ्या. सगळं शास्त्राला धरून. तेव्हा एक बाई यायच्या (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे). गर्दीत छाती धडधडली की त्यांना वाटायचं, हा हार्ट अटॅकच. हृदयाच्या तपासण्या नॉर्मल होत्या, तरी एकटीने बाहेर पडणं बंद. चिंता मोजायला जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली असते. गुण 21 पैकी, 15 पासून पुढे तीव्र. त्यांचे 17 होते, सहाव्या भेटीत 6 झाले. मी ती केस सहकाऱ्यांसमोर मिरवलीसुद्धा.

आठव्या भेटीत निघता निघता त्या दारात थांबल्या. "एक सांगू? मी एकदाही एकटी बाहेर गेलेले नाही. वही यायच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहिते. पेनं बदलून."

पेनं बदलून!

"तुम्ही इतकं मनापासून करत होतात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

आधी मला त्यांचाच राग आला. मग आठवलं, त्या वहीत मी दर आठवड्याला 'छान' असा शेरा मारत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची मर्जी सांभाळून दमलेली बाई, आणि मी तिला सांभाळायला आणखी एक माणूस दिला.

पुढच्या भेटीत तक्ता बाजूला ठेवून विचारलं, "यातलं काय पटलं नाही?" बराच वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, "श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड जास्तच जाणवते." आठ भेटींत हे मी विचारलंच नव्हतं. धडधड वाढली तर काय होईल? "पडेन." बघू या का? त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघी खोलीतच जागच्या जागी मिनिटभर धावलो. त्या पडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हालाच जास्त धाप लागलीय."

पहिली पायरीही त्यांनीच ठरवली, मुलीच्या शाळेतला कार्यक्रम. माझ्या तक्त्यात ती सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात अवघड होती. त्या गेल्या, अर्ध्यातून उठून आल्या, महिन्याभराने पुन्हा गेल्या.

विचारांवर काम करणाऱ्या कॉग्निटिव्ह थेरपीचे जनक ॲरन बेक आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्येच लिहून ठेवलंय, थेरपिस्ट आणि क्लायंट यांनी मिळून विचार तपासायचा, खरा की खोटा ते अनुभवावर ठरवायचं. परीक्षेत मी यावर टीप लिहून भरपूर गुण मिळवले होते. तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, बाई गं, मग तक्ता एकटीने का करत बसलीस? ती म्हणेल, लोक उपाय मागतात, आणि तो दिला की मला हुशार वाटतं. दोन्ही खरंच आहे.

आणि आता कबूलच करायचं तर, कधीकधी 'तुम्हाला काय वाटतं?' ही माझी पळवाटही असते. मला काही सुचत नसतं. शिवाय तीन रात्री झोप न झालेल्या माणसापुढे पर्याय मांडणं म्हणजे छळच. तिथे मी स्पष्ट सांगते, आज हे करा, गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. पण हे 'तिथे' नेमकं कुठून सुरू होतं?

मागच्याच आठवड्यात एक तरुण म्हणाला, "मॅडम, तुम्हीच ठरवा. मी दिवसभर ठरवूनच थकतो." मी ठरवून दिलं. काल तो सगळं करून आला. वही एकाच पेनाने लिहिलेली आहे. मी दोनदा पाहिली.